२८ सप्टेंबर (सुगम संगीतातील दिनविशेष)

होळकर संस्थानाचा अंमल असता, २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदूरच्या शीख मोहल्ल्यात मास्टर दीनानाथ मंगेशकरांना जी कन्या झाली, तिचे मूळ नाव हेमा. परंतु ‘भावबंधन’ नाटकातील लतिकेवरून ती लता झाली, आणि हिंदी चित्रपटसंगीताच्या दफ्तरात याहून भाग्यशाली तारीख आढळणे कठीण. लताबाईंच्या नावे मध्य प्रदेश सरकारने १९८४ साली सुगम संगीताचा राष्ट्रीय सन्मान स्थापिला. पहिला मान संगीतकार नौशाद यांचा. याच दिवशी १९३८ साली अमेरिकन गायक बेन ई. किंग जन्मले, तर १९९१ साली कॅलिफोर्नियात जाझचे थोर ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस निवर्तले.