बाजाराला छप्पर घालताना

वास्तुरचना शिकणारा माझा भाचा परवा नकाशा घेऊन आला. नागपुरात जुन्या बाजाराच्या धर्तीवर खाद्यदालन, हा त्याच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. चित्रात कमानी, कंदील, तांब्याच्या हंड्या, सगळे होते. मी विचारले, "बेटा, यात हातगाडीवाला कुठे बसणार?" तो म्हणाला, "मामू, त्याला गाळ्याचे भाडे परवडणार नाही."

मग बाजार कसला? देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने 1702 च्या सुमारास बारा वाड्या जोडून नागपूर वसवले. धर्माने तो मुसलमान. पुढे भोसल्यांची राजधानी वाढली. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शनिवारी ही आपल्या वस्त्यांची नावे बघा. आजच्या गांधीसागरालाही जुने लोक जुम्मा तलाव किंवा शुक्रवारी तलाव म्हणतात. आठवडी बाजाराला भिंती लागत नाहीत, वार लागतो. विकणारा सकाळी गोणपाट पसरतो, संध्याकाळी गुंडाळून घरी जातो. कायमची बाजारपेठ झाली तिथे सराफा ओळीसारख्या ओळी लागल्या. एका धंद्याची दुकाने शेजारी असली, की गिऱ्हाईक चार ठिकाणी भाव विचारून घेते.

इथले खाणेही कामातून आले. सावजी रस्सा हलबा-कोष्टी विणकरांच्या चुलीवरचा, आणि मोमीनपुऱ्याचे नाव मोमीन विणकरांवरून. माग एकच, चुली दोन. आज रमजानच्या रात्री मोमीनपुऱ्यात कबाब खायला सगळ्या धर्मांचे लोक येतात. तिथली गर्दी कुणी नकाशावर आखलेली नाही. ती इफ्तार आणि तरावीहच्या वेळांवर चालते.

कायद्यालाही हे उमगले आहे. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे हवेत. पन्नास वर्षांहून जुना नैसर्गिक बाजार वारसा बाजार ठरवावा, तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असेही त्यात आहे. म्हणजे वारसा कमानीत नाही, बसणाऱ्या माणसात आहे.

मी भाच्याला तीनच गोष्टी सांगितल्या. मधली जागा गाळ्यांविना मोकळी ठेव, तिथे रोजच्या भाड्याने कुणालाही बसता येऊ दे. पाणी आणि भांडी धुण्याची जागा सामाईक कर. आणि रेघ ओढण्याआधी एक रात्र मोमीनपुऱ्यात, एक सकाळ तर्री-पोह्याच्या गाडीपाशी उभा राहा.

त्याने मधले कारंजे खोडले. हंड्या मात्र अजून तशाच आहेत. त्यात शिजवणार कोण, हे त्याला अजून ठरवायचे आहे.