निर्बीज मेंढ्याची कामगिरी

ज्या नरापासून संतति होणें शक्य नाहीं, तो कळपांत पोसावयाचा कशासाठीं? कोणीही व्यवहारी मनुष्य हा प्रश्न विचारील. परंतु ऑस्ट्रेलियांतील कित्येक मेंढपाळ असे मेंढे मुद्दाम तयार करतात आणि त्यांच्या साह्यानें शेंकडों कोंकरांच्या जन्माची वेळ साधतात. ही युक्ति एका दिवसांत सांपडलेली नाहीं. तिच्यामागें कित्येक वर्षांचें निरीक्षण आणि प्रयोग आहेत.

मेरिनो जातीच्या मेंढ्या ऑस्ट्रेलियांत प्रथम १७९७ सालीं दक्षिण आफ्रिकेच्या केप वसाहतींतून आल्या. पुढें लोकरीच्या व्यापारानें त्या देशाचें भाग्य असें उजळलें कीं, मेंढीच्या पाठीवर बसलेला देश अशी त्याची ख्याति झाली. पण पश्चिम ऑस्ट्रेलियांतील मेंढपाळापुढें एक कठीण कोडें होतें. पर्थच्या आसपासच्या प्रदेशांत पाऊस हिवाळ्यांत, म्हणजे साधारणतः मे ते ऑक्टोबर या महिन्यांत पडतो आणि उन्हाळा अगदीं कोरडा जातो. मेंढीचा गर्भकाल सुमारें १५० दिवसांचा. पावसानें गवत उगवेल त्या सुमारास कोंकरें जन्मास यावयाचीं, तर मेंढ्यांना नोव्हेंबर ते जानेवारीच्या दरम्यान गर्भ राहिला पाहिजे. निसर्गाचा नियम मात्र याच्या उलट आहे. मेंढी ही दिवस लहान होऊं लागले म्हणजे माजावर येणारी जात. आणि दक्षिण गोलार्धांत डिसेंबरांतच दिवस सर्वांत मोठा असतो. त्यामुळें कांहीं मेंढ्या लवकर गाभण राहत, कांहीं उशिरां, आणि कोंकरांचे जन्म कित्येक आठवडे लांबत. चारा नसतांना जन्मलेल्या कोंकराच्या आईला दूध कोठून येणार? असें कोंकरूं बहुधा दगावे.

या कोड्याचा पहिला धागा १९४४ सालीं हातीं आला. एरिक अंडरवुड यांनीं शियर व डेव्हनपोर्ट या सहकाऱ्यांसह पश्चिम ऑस्ट्रेलियांतील मेंढ्यांच्या प्रजननकालाचा अभ्यास प्रसिद्ध केला. मातींतील कोबाल्टच्या अभावानें जनावरें खंगतात हें दाखविणाऱ्या संशोधकांत अंडरवुड यांचें नांव पूर्वींच गाजलें होतें. मेंढा कळपांत सोडल्यानेंच मेंढ्यांच्या शरीरांत कांहीं चालना मिळत असावी, हा विचार या अभ्यासानें पुढें आणला. त्या काळीं विद्वानांचें लक्ष मुख्यतः प्रकाशाकडे होतें. १९४९ सालीं केंब्रिज येथील यीट्स यांनीं कृत्रिम प्रकाशानें दिवसाची लांबी बदलून मेंढ्यांचा ऋतु बदलतां येतो असें सिद्ध केलें. तें खरेंच होतें. पण मेंढपाळाला माळावरचा सूर्य थोडाच झांकतां येतो!

१९५४ सालीं शिंकेल यांनीं गोष्ट अधिक उलगडली. कांहीं काळ नरापासून दूर ठेवलेल्या कळपांत मेंढा आला म्हणजे थोड्याच दिवसांत पुष्कळ मेंढ्यांचें बीजांड सुटतें. परंतु माजाचें बाह्य लक्षण दिसत नाहीं. मेंढीचें ऋतुचक्र सुमारें सतरा दिवसांचें असतें. तें एकदां फिरलें म्हणजे खरा माज येतो. कांहीं मेंढ्यांत मध्यंतरीं सहाएक दिवसांचें एक आंखूड चक्र होतें. म्हणून मेंढा सोडल्यापासून अठराव्या दिवसाच्या आणि चोविसाव्या दिवसाच्या आसपास अशा दोन वेळीं बहुतेक कळप माजावर येतो.

येथेंच निर्बीज मेंढ्याचें महत्त्व कळतें. पहिल्या पंधरवड्यांत सबीज नर सोडला, तर आधींच माजावर असलेल्या चार मेंढ्या तेवढ्या गाभण राहतात आणि जन्मांचा मेळ बिघडतो. नसबंदी केलेला मेंढा चालना देतो, पण गर्भ ठेवीत नाहीं. त्याची रेतवाहिनी कापलेली असते. वृषण मात्र शाबूत असतात. म्हणून नराचा अंतःस्राव, गंध आणि वर्तन हीं सर्व कायम राहतात. खच्ची केलेल्या मेंढ्याच्या अंगीं हा गुण राहत नाहीं. शस्त्रक्रियेनंतर शरीरांत उरलेलें बीज संपावें म्हणून त्याला सुमारें सहा आठवडे निराळा ठेवतात. मग तो चौदा दिवस कळपांत राहतो; नंतर त्याला काढून सबीज मेंढे सोडतात.

ही चालना पोंचते कशी? १९८० सालीं नाइट व लिंच यांनीं दाखविलें कीं, मेंढ्याच्या लोकरीचा व तिच्यावरील मेणाचा नुसता वासही मेंढीचें बीजांड सोडविण्यास पुरतो. मात्र गंध हेंच एक साधन नव्हे. नराचें दर्शन आणि त्याची वागणूक यांचाही त्यांत वांटा आहे, असें पुढील संशोधनांत दिसून आलें. नर जवळ येतांच कांहीं मिनिटांत मेंदूच्या तळाशीं असलेल्या पीयूषिका ग्रंथीचा स्राव वाढूं लागतो.

या युक्तीला मर्यादा आहेतच. मेरिनोसारख्या जातींत ती चांगली साधते. ज्यांचा विश्रांतिकाल गाढ असतो अशा कांहीं ब्रिटिश जातींत ऋतु फार दूर असतां ती फसते. हाडकुळ्या, उपाशी मेंढ्या तर तिला दाद देतच नाहींत. १९६० नंतरच्या दशकांत सिडनीच्या रॉबिन्सन यांनीं अंतःस्रावयुक्त स्पंजाची पद्धति रूढ केली. तिनें दिवस अधिक अचूक ठरवितां येतो. पण तिला औषधाचा खर्च आणि प्रत्येक मेंढी हातीं धरण्याचे श्रम पडतात. हजारों मेंढ्यांच्या माळरानावर तें सर्वांना परवडत नाहीं.

पूर्वीं इंग्लंडांतील मेंढपाळ मेंढ्याच्या छातीला गेरू फांशीत आणि कोणत्या मेंढीच्या पाठीवर ठसा उमटला तें पाहत. आज त्या गेरूच्या जागीं पट्ट्यांत बसविलेली रंगाची कांडी आली आहे. निर्बीज मेंढ्याच्या पाठोपाठ सबीज मेंढे आले म्हणजे हे ठसे थोड्याच दिवसांत भराभर उमटूं लागतात. ते मोजून कोंकरें केव्हां येतील हें मेंढपाळ ठरवितो, आणि मग आकाशाकडे डोळे लावून पहिल्या पावसाची वाट पाहतो.