आइल रॉयल बेटावरील विश्रामगृहे

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात मोडणाऱ्या, सुपीरिअर सरोवरातील आइल रॉयल बेटावरील उन्हाळी वसतिस्थाने. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ती भरभराटीस आली. परागज्वराने त्रस्त झालेले शहरवासी येथे येत. लाकडी कुटीत राहून नौकाविहार, गळाने मासेमारी व वनभ्रमंती यांत दिवस घालवीत. टपाल, किराणा व पाहुणे ‘अमेरिका’ या आगबोटीने येत. परतीच्या फेरीत ती स्कँडिनेव्हियन कोळ्यांनी धरलेले मासे नेई. १९२८ मध्ये ही बोट बेटाजवळच बुडाली आणि दळणवळणाचा मुख्य आधार तुटला. १९४० मध्ये येथे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. पुढे अरण्यरक्षणासाठी अनेक जुन्या इमारती पाडण्यात वा जाळण्यात आल्या. रॉक हार्बर येथील विश्रामगृह टिकले. परंतु ज्या निसर्गाच्या ओढीने हे उन्हाळी जीवन फुलले, त्याच्याच रक्षणार्थ ते बव्हंशी लोपले.