श्वास मोजणाऱ्या बाया

आमच्या तिगावाकडे लेकराची पसली उडायला लागली की म्हाताऱ्या बाया म्हणायच्या, ‘डब्बा झाला.’ मग तव्यावर ओव्याची पुरचुंडी गरम व्हायची, छातीला तेल लागायचं, नजर उतरायची. काही घरांत तापल्या सळईचा डागही. ओव्याच्या शेकानं लेकराला बरं वाटतं, त्याला माझी ना नाही. पण निमोनिया त्यानं हटत नाही, आणि डाग तर जिवावरच उठतो. खरं औषध होतं पांढुर्ण्याला, नाहीतर रेल्वेनं नागपूरला. रात्री गाडी चुकली की सकाळपर्यंत वाट पाहा. तान्ह्या जिवाला तेवढी सवड कुठली?

याच नागपूरच्या मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ साली गडचिरोलीत गेले आणि त्यांनी ‘सर्च’ ही संस्था काढली. नवजात बाळांसाठी त्यांनी केलेलं काम पुष्कळांना ठाऊक आहे. मला त्याच्या आधीची, निमोनियाची गोष्ट जास्त मोलाची वाटते, कारण ती बायांची आहे. १९८८ च्या सुमारास त्यांनी गावातले आरोग्यसेवक आणि सुइणी यांना निमोनिया ओळखायला शिकवलं, आणि को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक त्यांच्याच हाती दिलं. डॉक्टर नसलेल्या, सही न येणाऱ्या बाईनं अँटिबायोटिक द्यायचं?

ओळखायचं कसं, तर श्वास मोजून. निमोनियात लेकराचा श्वास जलद होतो. पण सुइणीला पन्नास-साठपर्यंत मोजता येईलच असं नाही. म्हणून एक साधं साधन तयार झालं: एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सरकणारे मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी सरकला, की औषध सुरू. मला हे फार आवडतं. मणी मोजायची सवय आपल्या बायांच्या बोटांना आहेच की!

५८ गावांत हे काम झालं आणि ४४ गावं तुलनेसाठी ठेवली. १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. कार्यकर्त्यांनी उपचार केलेल्या ६१२ दुखण्यांत मृत्यूचं प्रमाण ०.८ टक्के, आणि तुलनेच्या भागात १३.५ टक्के. म्हणजे तिकडे शंभरातली तेरा-चौदा लेकरं जात होती, इकडे एकही पुरतं नाही. औषध दोन्हीकडच्या बाजारात तेच होतं. फरक पडला तो दारात ओळखीची बाई असण्यानं.

आता जवळचं सांगते. पांढुर्णा २०२३ मध्ये वेगळा जिल्हा झाला, त्याआधी आपण छिंदवाड्याचेच. त्याच छिंदवाड्याच्या परासियात २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात साध्या सर्दी-खोकल्यासाठी दिलेल्या ‘कोल्ड्रिफ’ सिरपनं लेकरांची मूत्रपिंडं निकामी झाली. वीसहून अधिक मुलं गेली. कितीतरी आईबाप त्यांना घेऊन नागपूरला धावले होते. तपासणीत सिरपमध्ये ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल निघालं. हे विष आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली ग्लिसरीनमधून याच विषानं चौदा रुग्ण गेले होते, न्या. लेंटिन यांचा चौकशी आयोगही बसला होता. चाळीस वर्षांत आपण तपासणीची एवढी एक गोष्ट शिकलो नाही, याचा मला संताप येतो.

गडचिरोलीत औषध लांब होतं म्हणून लेकरं दगावत होती. परासियात बाटली हाताशी होती, आणि ती बहुधा नकोच होती. केंद्र सरकारनं त्याच ऑक्टोबरात सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं देऊ नयेत, पाच वर्षांखालीही सहसा नकोच. साधा खोकला आपोआप बरा होतो. जलद श्वासाला मात्र अँटिबायोटिक आणि दवाखाना लागतो. हा फरक बाटलीवर लिहिलेला नसतो, तो लेकराच्या छातीवर दिसतो.

तेव्हा घरातलं घड्याळ पुढ्यात ठेवा आणि झबलं वर करून पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ६०, वर्षाच्या आतलं असेल तर ५०, पाच वर्षांपर्यंत ४०. श्वास याच्या बरोबरीनं किंवा वर गेला, पसली आत ओढली जात असली, लेकरू दूध पीत नसलं, तर आशाताईंना हाक मारा आणि लगेच निघा. मोजताना लेकरू शांत किंवा झोपलेलं हवं. रडत असताना मोजलं तर आकडा फसवा येतो.