२७५ बाय ११६

विनॅम्प या गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रामच्या स्किनची, म्हणजे त्याचं रूप बदलणारी, फाइल उघडून पाहावी. एक झिप, आणि तिच्यात मुख्यतः बिटमॅप चित्रं. एका चित्रात प्ले, पॉज, स्टॉपची बटणं, साधी आणि दाबलेली, दुसऱ्यात आकडे, तिसऱ्यात सरकपट्ट्या. कुठलं चित्र २७५ पिक्सेल रुंद, ११६ पिक्सेल उंच चौकटीत कुठे बसायचं, हे ठरलेलं. प्रोग्रामची एक ओळही त्यात नाही. या साधेपणात तिच्या दीर्घायुष्याचं कारण आहे, असं मला ठामपणे वाटतं. रंगवता येईल त्याला स्किन करता आली, आणि विंडोजशी तिचं नातं नसल्यामुळे कुठल्याही प्लेअरला ती वाचता आली.

जस्टिन फ्रँकेल आणि दिमित्री बोल्दिरेव यांचा विनॅम्प १९९७ सालचा. त्याच वर्षी नोव्हेंबरात पीटर आणि मिकाएल आल्म यांनी लिनक्ससाठी त्याच तोंडवळ्याचा एक्स११ॲम्प लिहिला. १९९९ मध्ये त्याचा एक्सएमएमएस झाला. विनॅम्प २ च्या स्किन तो जशाच्या तशा वाचायचा. पेटंटच्या धास्तीनं रेड हॅट या लिनक्स वितरणानं २००२ मध्ये आपल्या आठव्या आवृत्तीतून एमपी३ ची सोय काढली, तरी लोक वेगळं प्लगइन शोधून आणून बसवत आणि तोच प्लेअर वापरत राहिले.

एक्सएमएमएस खिडक्या-बटणं काढणाऱ्या जुन्या जीटीके १ या संचावरच राहिला आणि लिनक्स वितरणांनी एकेक करून त्याला वगळलं. त्याच्या कोडमधून बीप मीडिया प्लेअर निघाला, आणि बीपमधून २००५ मध्ये ऑडेशस. क्यूएमएमपी हा प्लेअर मात्र क्यूटी या दुसऱ्या संचावर वेगळा लिहिला गेला. ऑडेशसही २०२० च्या चौथ्या आवृत्तीत मुख्यतः क्यूटीवर आला. पाया इतक्या वेळा बदलला, पण १९९८ ची स्किन दोन्हींत आजही चालते.

आताची अडचण वेलँडची, म्हणजे लिनक्सवर जुन्या एक्स११ च्या जागी आलेल्या पडदा-व्यवस्थेची आहे. मुख्य खिडकी, इक्वलायझर आणि प्लेलिस्ट या तीन सुट्या खिडक्या एकमेकींना चिकटायच्या, तर आपण पडद्यावर कुठे आहोत हे प्रोग्रामला कळायला हवं. वेलँड ते सांगत नाही, खिडकी हवी तिथे ठेवूही देत नाही. म्हणून हा चेहरा हवा असेल, तर प्लेअर एक्सवेलँडमधून, म्हणजे वेलँडवर एक्स११ चे प्रोग्राम चालवणाऱ्या सोयीतून, चालवावा. दाट पिक्सेलच्या पडद्यावर चौकट फार बारीक दिसते, तेव्हा मेनूतून ती दुप्पट करावी. कडा थोड्या खडबडीत दिसतील, पण बटणं नीट दाबता येतील.