शाळेला कुलूप लागले तेव्हा : प्रिन्स एडवर्डची पाच वर्षे आणि आपली वस्ती



"शाळा बंद असली म्हणून काय बिघडले, मुले घरी शिकतील की!" हे वाक्य मार्च २०२० नंतर आपण इतक्या वेळा ऐकले की अनेकांना ते खरेच वाटू लागले. आता पटसंख्या कमी म्हणून गावची शाळा बंद करायची भाषा सुरू झाली की तेच वाक्य वेश बदलून पुन्हा येते. आम्ही एवढेच विचारतो, कोणाची मुले घरी शिकतील? कोणाच्या घरी? आणि शिकवणार कोण?

या प्रश्नांची उत्तरे अंदाजाने द्यायची गरज नाही. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीत सत्तेने मुद्दाम शाळा बंद केल्या आणि त्या पाच वर्षे बंद ठेवल्या. अमेरिकेतील काळ्यांचा लढा आपल्याला परका नाही. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डु बॉईस यांना पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. म्हणून प्रिन्स एडवर्डचा इतिहास आपल्या कार्यकर्त्यांनी नीट वाचला पाहिजे.

या काउंटीतल्या फार्मव्हिल गावात काळ्या मुलांसाठी मोटन हायस्कूल होते. शाळा बांधली १८० मुलांसाठी, शिकत होती साडेचारशेहून जास्त. जागा पुरेना म्हणून लाकडी सांगाड्यावर डांबरी कागद ठोकून खोल्या उभारल्या होत्या. २३ एप्रिल १९५१ रोजी बार्बरा जॉन्स या १६ वर्षांच्या मुलीने संप पुकारला आणि सगळी शाळा बाहेर पडली. मागणी होती चांगल्या इमारतीची. वकिलांनी सांगितले की वेगळ्या शाळेत सुधारणा मागू नका, वेगळेपणाच मोडा. मुले आणि पालक तयार झाले. हा खटला पुढे 'ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन' या प्रसिद्ध खटल्यात सामील झाला आणि १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला.

निकाल मिळाला, पण शाळा मिळाली नाही. न्यायालयाने सप्टेंबर १९५९ पासून काळ्या-गोऱ्या मुलांना एकत्र बसवा असा आदेश दिला, तेव्हा काउंटीच्या गोऱ्या कारभाऱ्यांनी शाळांसाठी पैसाच मंजूर केला नाही. सगळ्या सरकारी शाळांना कुलूप लागले. सोबत बसण्यापेक्षा शाळाच नको! चवदार तळ्याचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही मनोवृत्ती ओळखायला वेळ लागणार नाही.

गोऱ्यांची मुले मात्र घरी बसली नाहीत. त्यांच्यासाठी लगेच खाजगी अकादमी उभी राहिली. पुढच्या वर्षी राज्याचे शिक्षण अनुदान आणि काउंटीची करसवलत या वाटांनी तिथे सार्वजनिक पैसा पोहोचला. १९६१ मध्ये केंद्रीय न्यायालयाने, सरकारी शाळा बंद असेपर्यंत ही मदत देता येणार नाही, असे बजावले. कर सगळ्यांचा आणि शिक्षण मूठभरांचे, हीच तक्रार जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडली होती. शेतकऱ्याच्या घामाचा पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो, म्हणून आधी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती.

सुमारे १,७०० काळी मुले रस्त्यावर आली. त्यांच्या समाजाने काय केले, हा आमच्या लेखाचा मुख्य मुद्दा आहे.

रेव्हरंड फ्रान्सिस ग्रिफिन यांच्या पुढाकाराने १९६० मध्ये चर्चच्या तळघरांत आणि सभागृहांत केंद्रे सुरू झाली. शिकवायला बहुतेक वस्तीतल्याच बाया. वाचन, थोडे गणित, गाणी, आणि मुख्य म्हणजे मुलांचे मन खचू न देणे. या केंद्रांना त्यांनी 'शाळा' म्हटले नाही, 'प्रशिक्षण केंद्र' म्हटले. ही पूर्ण शाळा नाही, हे त्यांना जगाला आणि स्वतःलाही सांगायचे होते. त्यांना शाळा म्हटले असते तर कारभाऱ्यांना म्हणता आले असते, "बघा, यांची सोय झाली, आता आमची जबाबदारी संपली."

तो सापळाही लावून झाला होता. डिसेंबर १९५९ मध्ये गोऱ्या पुढाऱ्यांनी काळ्या मुलांसाठी वेगळी खाजगी शाळा काढण्याची तयारी दाखवली. अर्ज आला फक्त एक. आपल्या लेकरांचे वर्ष वाया जाते आहे हे डोळ्यांनी दिसत असताना आईबापांनी ही भीक नाकारली. याला किती छाती लागते, याचा विचार करा.

पण किंमत कोणी मोजली? हायस्कूलच्या काही मुलांना शेजारच्या नॉर्थ कॅरोलिनातल्या किट्रेल कॉलेजने घेतले, काहींना क्वेकर पंथीयांनी दुसऱ्या राज्यांत कुटुंबांकडे ठेवून शिकवले. सहा-सात वर्षांच्या पोराला असे परमुलखात कोण पाठवणार? पहिली-दुसरीची मुले घरीच राहिली, आणि सगळ्यात जास्त तीच बुडाली. मोठ्या मुलाला निदान वाचता येत असते, पुस्तक हाती लागले तर तो पुढे सरकतो. ज्याला अक्षरच भेटले नाही त्याला घरातले पुस्तकही मुकेच. सप्टेंबर १९६३ मध्ये केंद्र सरकारच्या प्रयत्नांतून आणि देणग्यांच्या पैशावर 'फ्री स्कूल' उघडल्या, तेव्हा वयाने मोठी झालेली अनेक मुले अक्षरओळखीपासून सुरुवात करत होती. २५ मे १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'ग्रिफिन' खटल्यात बजावले की राज्यात इतरत्र शाळा चालू ठेवून इथे बंद करणे हा समान संरक्षणाचा भंग आहे, आणि शाळांसाठी कर बसवायलाही काउंटीला भाग पाडता येईल. त्या वर्षी शाळा उघडल्या. २००३ मध्ये तिथल्या शिक्षण मंडळाने त्या पिढीला मानद प्रमाणपत्रे दिली. तोवर बालपण कधीच संपले होते.

आता आपल्याकडे या. साथीच्या काळात ग्रामीण महाराष्ट्रातले पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर २०२१ मध्ये उघडले. कारण वेगळे होते, हे आम्ही मान्य करतो. साथ खरी होती, प्रिन्स एडवर्डमध्ये द्वेष होता. पण कुलूप कोणत्याही कारणाने लागो, मार बसतो तो ज्याच्या घरात एकच मोबाईल आहे आणि तोही बापासोबत कामावर जातो त्यालाच.

बाबासाहेबांनी १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात हेच दाखवून दिले होते. शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी जेमतेम अठराच चौथीपर्यंत पोहोचतात, बाकीची पुन्हा निरक्षर होतात, असे ते म्हणाले. एकदा शाळेत आलेले मूल कायमचे साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे, हा त्यांचा निकष होता. त्या निकषावर दीड-दोन वर्षांचा खंड म्हणजे सुट्टी नव्हे, गळती आहे.

मग आपण काय करायचे? काही जण म्हणतात, सरकारचे काम आपण का करावे? काही म्हणतात, सरकारवर विसंबू नका, आपले आपण बघू. आमच्या मते दोन्ही अर्धवट आहेत. ग्रिफिन यांनी तळघरात वर्गही चालवले आणि न्यायालयात खटलाही लढवला. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली, आणि जोतीरावांनी हंटर आयोगापुढे सरकारला जाबही विचारला.

म्हणून विहारात रोज एक तास पहिली ते चौथीच्या मुलांसाठी ठेवा. आधी लहानांना घ्या, दहावीवाले थोडे थांबू शकतात. मोबाईलवर व्हिडिओ लावून मोकळे होऊ नका. मूल स्वतः मोठ्याने वाचते का, हातचा घेऊन बेरीज करते का, ते शेजारी बसून पाहा. ज्या आईला वाचता येत नाही तिला सांगा, रोज पोराला पाटीवरचे वाचायला लाव आणि ऐक. कोणते मूल किती दिवस शाळेबाहेर आहे, याची वही ठेवा. ती वही घेऊन ग्रामसभेत, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. सहा ते चौदा वयाच्या मुलांचे शिक्षण हा कलम २१ क प्रमाणे मूलभूत हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नाही.

आणि विहारातल्या त्या वर्गाला शाळा म्हणू नका. अभ्यासिका म्हणा. शाळा तिकडे आहे, कुलपाआड, आणि ते कुलूप काढायला लावायचे काम अजून बाकी आहे.

जय भीम! जय सावित्री!