पाठीवरचा संसार : नर्मदा परिक्रमेची सॅक किती जड असावी?

कार्तिकातील प्रबोधिनी एकादशीला चातुर्मास संपतो आणि ओंकारेश्वरच्या घाटावर परिक्रमेचे संकल्प सोडले जाऊ लागतात. १३१२ किलोमीटर लांबीच्या नर्मदेला पायी प्रदक्षिणा घालायची, तर दोन्ही काठ मिळून किमान २६०० किलोमीटरची चाल होते. वळसे, घाट आणि जलाशयांमुळे दूर गेलेल्या वाटा धरल्या, तर प्रत्यक्ष अंतर त्याहून बरेच वाढते. जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’ या पुस्तकानंतर ही परिक्रमा मराठी वाचकांच्या घरोघरी पोहोचली. छत्रपती संभाजीनगरच्या गारखेडा परिसरासारख्या मध्यमवर्गीय वसाहतींतील भाविकांनाही आता ती आवाक्याबाहेरची वाटत नाही. सचखंड एक्स्प्रेसने मनमाड, भुसावळमार्गे खंडवा गाठले, की पुढे ओंकारेश्वरचा प्रवास रस्त्याने होतो. खरा प्रश्न त्यापुढचा असतो. चार-पाच महिने जे काही लागेल ते स्वतःच्या पाठीवर घेऊन चालायचे आहे. मग घ्यायचे काय आणि घरी ठेवायचे काय?

वारी आणि परिक्रमा : ओझ्यातील फरक

मराठवाड्याला पायी चालण्याची परंपरा नवी नाही. पैठणहून संत एकनाथांची पालखी दरवर्षी पंढरपूरला जाते. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखीही मराठवाड्यातून मार्गक्रमण करीत महिनाभराहून अधिक काळ चालते. परंतु वारीत वारकऱ्याच्या खांद्यावर बहुधा पताका, गळ्यात टाळ आणि काखेला लहानशी पिशवी एवढेच असते. अंथरूण, कपडे, शिधा, भांडी हे सारे दिंडीच्या ट्रकमधून पुढच्या मुक्कामी पोहोचलेले असते.

परिक्रमेत असा ट्रक नसतो. परिक्रमावासी एकटा किंवा दोघे-चौघे मिळून चालतो. नदी ओलांडायची नाही, ती सदैव उजव्या हाताला ठेवायची, हा नियम असल्याने वाट चुकली वा वस्तू मागे राहिली तरी सोयीचा रस्ता निवडण्यास फारसा वाव नसतो. त्यामुळे वारी अनेकदा केलेल्या माणसानेही परिक्रमेच्या सामानाचा विचार नव्याने करणे आवश्यक ठरते.

वजनाचा हिशेब

दिवसाला २५ किलोमीटर चालणारा माणूस सुमारे ३५ हजार पावले टाकतो. सॅकमध्ये एक किलो जादा असेल, तर तो किलो प्रत्येक पावलागणिक गुडघ्यांवर, घोट्यांवर आणि तळव्यांवर पडतो, आणि हे महिनोन्‌महिने चालते. पहिल्या दिवशी सहज पेललेले १५ किलो आठव्या दिवशी पेलवत नाहीत. फोड, सुजलेले गुडघे आणि आखडलेली कंबर यांमुळे संकल्प अर्ध्यावर सोडण्याची वेळ येऊ शकते. साठीच्या उंबरठ्यावरील व्यक्तीच्या बाबतीत तर हा धोका अधिकच गंभीर होय.

शालेय दप्तराबाबतच्या केंद्र सरकारच्या २०२० च्या धोरणात दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत असावे, असे म्हटले आहे. प्रौढ, सरावलेल्या गिर्यारोहकासाठी २० टक्के ही कमाल मर्यादा सर्वसाधारणपणे मानली जाते. मात्र तो काही दिवसांचा हिशेब आहे. महिनोन्‌महिने चालणाऱ्या मध्यमवयीन माणसाने पाणी आणि खाद्यपदार्थ धरून १५ टक्क्यांच्या आत राहणे इष्ट. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीची सॅक ९ किलोंहून जड नसावी.

पायातील वजन तर याहून महाग पडते. बुटांमध्ये वाढलेले वजन पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा सुमारे पाचपट शक्ती खर्च करविते, असे प्रयोगांत आढळले आहे. जड चामडी बूट घालून सॅक हलकी केल्याचे समाधान म्हणूनच फसवे असते.

हलके चालण्याची परंपरा

कमी सामानानिशी दूर चालणे ही आधुनिक कल्पना नव्हे. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तर हिंदुस्थानच्या प्रवासाला निघाले आणि बंडाच्या धामधुमीतून मार्ग काढीत अखेर गंगाजलाची कावड घेऊन घरी परतले. त्यांचा वृत्तान्त ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. परिक्रमेची पारंपरिक सामग्रीही मोजकीच होती. कमंडलू, दंड, घोंगडी आणि झोळी एवढ्यावर साधू तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवसांची परिक्रमा पूर्ण करीत. शूलपाणीच्या झाडीत परिक्रमावासीयांजवळचे सारे काढून घेतले जाई, अशी वर्णने जुन्या कथनांतून वारंवार येतात. तरीही माणसे पुढे चालत राहत.

अमेरिकेत १९५५ मध्ये एमा गेटवुड या ६७ वर्षांच्या आजींनी सुमारे ३३०० किलोमीटरची अॅपलाचियन पायवाट एकटीने पार केली. स्वतः शिवलेली पिशवी, कापडी बूट, एक कांबळे आणि पावसासाठी न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा, असे त्यांचे सामान ९ किलोंहूनही कमी होते. पुढे १९९२ मध्ये रे जार्डिन यांनी आपल्या पुस्तकातून हलक्या सामानाची पद्धतशीर मांडणी केली. पाणी, अन्न आणि इंधन वगळता उरणारे ‘मूळ वजन’ साडेचार किलोंच्या आत आणणे ही तेथील पदयात्रींची कसोटी ठरली. परिक्रमेत आश्रम, धर्मशाळा आणि गावकऱ्यांकडून निवारा मिळत असल्याने तंबू व चूल दोन्ही टाळता येतात. या दोन वस्तू येथे मुळातच वगळल्या जातात, हा भारतीय पदयात्रीचा मोठा लाभ होय.

सॅकमध्ये काय असावे?

पुढील यादी नोव्हेंबरात निघून मार्च-एप्रिलमध्ये परतणाऱ्या परिक्रमावासीयासाठी आहे. वजने अंदाजे असून अंगावरचे कपडे त्यात धरलेले नाहीत.

सॅक : ४० लिटरची, कमरेला पट्टा असलेली. १ किलो २०० ग्रॅम. कमरपट्टा घट्ट बांधल्यास बराचसा भार खांद्यांवरून नितंबांच्या हाडांवर जातो. ६० लिटरची सॅक घेतल्यास ती भरल्यावाचून राहवत नाही, म्हणून लहानच घ्यावी.

अंथरूण-पांघरूण : हलकी स्लीपिंग बॅग आणि पातळ चटई. १ किलो २०० ग्रॅम. घरची गोधडी उबदार खरी, पण ती जड असते आणि भिजल्यावर लवकर वाळत नाही.

कपडे : एक जादा जोड, दोन अंतर्वस्त्रे, दोन मोज्यांचे जोड, पातळ स्वेटर, कानटोपी, पंचा. १ किलो ३०० ग्रॅम. एक जोड अंगावर व एक सॅकमध्ये, हे सूत्र पुरेसे आहे. मुक्कामी पोहोचताच धुतलेले कपडे सकाळपर्यंत वाळतात. न वाळल्यास सॅकच्या पाठीवर पिना लावून वाळवावेत. जीन्स आणि जाड सुती कपडे टाळावेत.

पाऊस आणि डास : पाँचो आणि एकेरी मच्छरदाणी. ५०० ग्रॅम. पाँचो जमिनीवर अंथरण्यासही उपयोगी पडतो.

ताट-पेला, औषधे, साबण : ७५० ग्रॅम. आश्रमात स्वतःचे ताट असणे शिष्टसंमत मानले जाते. औषधांत जलसंजीवनीची पाकिटे, ताप व वेदनेची गोळी, जंतुनाशक मलम, चिकटपट्टी आणि नेहमीची वैयक्तिक औषधे असावीत. मधुमेह वा रक्तदाब असल्यास डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी. धनुर्वाताची लस निघण्यापूर्वीच घेणे चांगले.

फोन, चार्जर, पॉवर बँक, डोक्याला लावायची विजेरी : ६०० ग्रॅम. पॉवर बँक १० हजार एमएएच क्षमतेची पुरते. त्याहून मोठी केवळ जड असते.

पूजासाहित्य, नर्मदाजलाची कुपी, कागदपत्रे, सुई-दोरा, दोरी : ५०० ग्रॅम. परिक्रमावासीयाची ओळख पटविणारे प्रमाणपत्र आणि मुक्कामांचे शिक्के घ्यायची वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी.

चप्पल : ३०० ग्रॅम. मुक्कामी पायांना वारा लागणे हा फोडांवरचा पहिला उपाय होय.

एकूण बेरीज ६ किलो ३५० ग्रॅम होते. दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो आणि अर्धा किलो गूळ, शेंगदाणे, खजूर यांची भर घातली, तरी आकडा ९ किलोंच्या आत राहतो.

काय ठेवून जावे?

ओझे वाढविणाऱ्या वस्तू बहुतेक वेळा ‘लागलीच तर’ या दोन शब्दांमागून येतात. दुसरा टॉवेल, तिसरा सदरा, पोथीची जाड आवृत्ती, शाम्पूची मोठी बाटली, घरचा फराळाचा डबा आणि स्टीलची जड पाण्याची बाटली या वस्तू त्यात प्रमुख होत. पोथी लहान आकाराची घ्यावी. साबण, दंतमंजन, तेल वाटेतील गावांत मिळतेच. निघण्याआधी प्रत्येक वस्तू स्वयंपाकघरातील काट्यावर तोलून वजन कागदावर लिहावे. डोळ्यांना हलक्या दिसणाऱ्या दहा वस्तूंनी दोन किलो कसे भरतात, हे कागद पाहिल्यावरच उमगते.

मात्र काही गोष्टींत काटकसर करू नये. मोजे, औषधे, पाणी आणि ऊब यांवर वजन वाचविणे अंगाशी येऊ शकते. शूलपाणीच्या डोंगराळ टप्प्यात दोन लिटरांहून कमी पाणी घेऊन निघू नये. सरदार सरोवर धरणाचे २०१७ मध्ये १३८.६८ मीटर या पूर्ण उंचीनिशी लोकार्पण झाले आणि २०१९ मध्ये जलाशय प्रथमच पूर्ण भरला. तेथील काठच्या जुन्या पायवाटा पाण्याखाली गेल्याने चढ-उतारांची वाट धरावी लागते. अमरकंटक सुमारे एक हजार मीटर उंचीवर असून हिवाळ्यात तेथे कडाक्याची थंडी पडते. म्हणून स्वेटर आधी टाकू नये. परतीच्या दक्षिण तटावर नर्मदापुरम, म्हणजे पूर्वीचे होशंगाबाद, येईपर्यंत ऊन तापू लागते. तेथील टपाल कार्यालयातून गरम कपडे घरी पाठविल्यास पाऊण-एक किलो ओझे उतरते.

सराव घराजवळच

सॅकची खरी परीक्षा दुकानात होत नाही. गारखेड्यातील रहिवाशांना विभागीय क्रीडा संकुलाचे मैदान जवळ आहे. सुरुवातीला तेथे चार किलो वजन घेऊन रोज तासभर चालावे. दुसऱ्या महिन्यात पूर्ण भरलेली सॅक घेऊन बीड बायपासपलीकडील साताऱ्याच्या खंडोबापर्यंत जाऊन यावे. सुटीच्या दिवशी शहरापासून सुमारे १५ किलोमीटरवरील देवगिरी किल्ल्यापर्यंत पायी जावे आणि चढ-उतारांचा सराव गोगाबाबा टेकडीवर करावा. परिक्रमेत वापरायचे बूट याच काळात पायात रुळवून घ्यावेत. दिवसभर चालल्यावर पाय सुजत असल्याने बूट नेहमीच्या मापापेक्षा अर्धा-एक क्रमांक मोठे असावेत. सलग दोन दिवस चालून पाहणे सर्वांत महत्त्वाचे, कारण शरीराची तक्रार दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होते. या सरावात ज्या वस्तूला एकदाही हात लागला नाही, ती बहुधा घरीच राहू शकते. औषधे आणि पाँचो हे त्याला अपवाद.

ओझे कोणाच्या खांद्यावर?

हलके चालण्याला एक नैतिक बाजूही आहे. परिक्रमावासीयाची सॅक हलकी राहते, ती नर्मदाकाठच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या चालविलेल्या सदावर्तामुळे. शूलपाणी परिसरातील आदिवासी कुटुंबे स्वतःच्या तुटपुंज्या धान्यातून पांथस्थाला भाकरी देतात. अशा घरी पांघरूण, गरम पाणी, फोन चार्ज करण्याची सोय अशा मागण्या करणे म्हणजे आपल्या पाठीवरचे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर टाकणे होय. झोपण्या-पांघरण्याची सोय, ताट-पेला, औषधे आणि एका वेळेची शिदोरी इतके स्वतःजवळ असलेच पाहिजे. मुक्कामाची जागा सकाळी झाडून निघावे, प्लास्टिकचा कचरा नदीकाठी न टाकता पुढच्या मोठ्या गावापर्यंत सोबत न्यावा. या कचऱ्याचे वजनही सॅकच्या हिशेबात धरायला हवे.

यजमानावर भार पडणार नाही इतपत सामान आणि पायांवर भार पडणार नाही इतपत वजन, या दोन मर्यादांच्या मध्ये परिक्रमेची सॅक भरावी लागते. ६० किलोच्या माणसाला या दोन्ही मर्यादा ९ किलोंत सांभाळता येतात. संकल्पाच्या आदल्या रात्री काटा ११ किलो दाखवीत असेल, तर दोन किलो ओंकारेश्वरच्या घाटावर नव्हे, घराच्या उंबरठ्याच्या आतच उतरवलेले बरे.